खिशातला चाकू

कपडे धुवायला टाकण्याआधी यांच्या पँटचे खिसे तपासत होते. एका खिशात यांचा घडीचा चाकू अर्धवट उघडला होता. माझं बोट चांगलंच कापलं. फडकं यांनीच बांधलं.

"माझ्यामुळे झालं," हे म्हणाले.

"अहो, एवढंसं तर आहे. भरेल," मी म्हटलं.

बोट भरलं, पण तो चाकू पुन्हा यांच्या खिशात दिसला नाही. एरवी प्रवासात हे पेरू घ्यायचे, त्याच चाकूनं फोडी करायचे आणि पहिली फोड शेजारच्या अनोळखी माणसापुढे धरायचे. मग गाव कुठलं, मुलं काय करतात, अशा गप्पा रंगायच्या. मुळात अबोल माणूस. लोकांशी बोलायला यांना तेवढंच एक निमित्त होतं, हे मला फार उशिरा कळलं.

परवा एसटीत मीच पेरू घेतला, पर्समधून घरातला छोटा चाकू काढून यांच्यापुढे केला.

"नको. घरी जाऊन कापू," हे हळूच म्हणाले.

शेजारचे गृहस्थ जरा वेळ आमच्याकडे बघत होते. मग त्यांनीही मान वळवली. उतरेपर्यंत कुणीच काही बोललं नाही.