नाल्यातलं कोमट पाणी

तुकोजीच्या घराण्यात होळकरांच्या घोडदळातली नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, फौज गेली, आणि तुकोजी एका कापडगिरणीत बॉयलरवर फिटर म्हणून लागला. घोड्याच्या मानेवर फिरायचा तो हात पाइपांवर फिरू लागला.

रंगखात्यात कापड धुऊन निघालेलं गरम पाणी गिरणीमागच्या नाल्यात जायचं. थंडीत सकाळी नाल्यावर वाफ तरंगायची. चाळीतल्या बायका तिथं कपडे धुवायच्या. तुकोजीची आई, जनाबाई, त्यात हात बुडवून बसायची. संधिवातानं आखडलेली तिची बोटं शेकली की सुटायची, आणि मगच तिला भाकरी थापता यायची.

त्या हिवाळ्यात कोळशाच्या वाघिणी येईनात. तिसरी पाळी बंद होणार अशी बोलवा उठली. इंजिनिअर अच्युतराव तुकोजीला म्हणाले, "नाल्यात आपला कोळसाच वाहून जातोय. ती उष्णता परत आणू."

दोघांनी एक लांबट हौद बांधून घेतला. हौदातून गरम पाणी नाल्याकडे जाई. त्यात बुडालेल्या तांब्याच्या नळ्यांतून थंड पाणी बॉयलरकडे. दोन्ही एकाच दिशेनं. टोकाशी पोचेपर्यंत दोन्ही सारखीच कोमट होत, आणि त्यापुढं देणंघेणं थांबे. कोळसा वाचला, पण पुरेसा नाही.

"और कुछ निकल सकता है क्या, तुकोजी?" अच्युतरावांनी विचारलं.

तुकोजीला ठाऊक होतं. नळ्यांचं तोंड उलटं करायचं. थंड पाणी समोरून आणलं, की नाल्याकडे निघालेल्या पाण्याला शेवटी सगळ्यात थंड नळी भेटेल. उरलीसुरली ऊबही तिथं काढून घेतली जाईल, आणि नाल्यात नुसतं गार पाणी पडेल.

"देखते हैं, साहेब," एवढंच तो बोलला.

संध्याकाळी शेजारचा लक्ष्मण ओट्यावर येऊन बसला. तो तिसऱ्या पाळीतला. "तुकोजी भिया, कमी करायच्यांत माझं नाव लागलं. आता जनाकाकूंच्या शेजारी नाल्यावर बसतो, हात शेकत." तो हसला. तुकोजीला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं नळ्या सोडवल्या आणि उलट्या जोडल्या. पाळी टिकली. लक्ष्मण कामावर राहिला.

नाल्यावरची वाफ गेली. "जनाबाई, तुमच्या लाडक्यानं आमचं न्हाणीघर बंद केलं हो!" चाळीतली बेबी पलीकडून ओरडली.

तुकोजी घरी आला तेव्हा परातीत पीठ तसंच पडलेलं होतं. जनाबाई चुलीकडे तोंड करून बसली होती.

"नळ उलटे जोडलेस म्हणे. आता माझी बोटं सुलटी करून दे."

तो खाली बसला. बॉयलरची धग अजून तळव्यांत होती. तिचे गार हात त्यानं धरून ठेवले. दोघांचे हात सारखेच कोमट झाले, तसे तिनं आपले सोडवून घेतले आणि परात पुढं ओढली.


भाकरी जाड झाली होती, कडेला तुटलेली. त्यानं ती सगळी खाल्ली.