शेंदराखालचा बोल्ट

देवीवर माझी श्रद्धा होती, पण ती घरापुरती. नोकरीत मी कागद आणि तापमापक मानत असे. ऐंशीच्या दशकात मी नागपुरात एका औषधभांडारात भांडारपाल होतो. लसी गावोगावी पोचवायला एक जुना ट्रक होता. मागची पेटी थंड ठेवणारा कॉम्प्रेसर त्याच्या इंजिनावर चाले. त्या दसऱ्याला आम्ही ट्रकला आतून-बाहेरून रंग दिला, झेंडूचा हार घातला आणि बॉनेट उघडून इंजिनाशेजारच्या चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, मी स्वतः शेंदराचं स्वस्तिक काढलं.

दुसऱ्या दिवशी लसी घेऊन काटोलला निघालो. अर्ध्या वाटेत पेटीच्या तापमापकाने सहा अंश दाखवले, थोड्या वेळाने सात. आठच्या वर गेलं की लस फेकून द्यायची, आणि काटोलला आया लेकरं घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. ड्रायव्हर नामदेवभाऊंनी गाडी लिंबाच्या सावलीत घेतली. इंजिनावरचा पट्टा फिरत होता, पण त्याची गती कॉम्प्रेसरला देणारा विजेवरचा क्लच पकडत नव्हता. बटण दाबल्यावर येणारा 'टक्' आवाज येईना. फ्यूज बदलला. तारेला तपासणीचा छोटा दिवा लावून पाहिला, तर क्लचपर्यंत वीज पोचत होती.

"क्लचची कॉइलच जळली, बाबूजी. आता नागपूरलेच परत," नामदेवभाऊ म्हणाले.

मी डोळे मिटले. देवीजवळ काय मागावं तेही सुचेना. माझ्याच्यानं आता होत नाही, एवढंच मनात आलं.

डोळे उघडले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ धोतर खोचून इंजिनात डोकावत होते. एकेकाळचे ट्रकमिस्त्री, काटोलची बस चुकली म्हणून पायी निघालेले.

"नवरीसारखी सजवली गा गाडी! रंग कवा देल्ला?"

"दसऱ्याले," नामदेवभाऊ म्हणाले.

"मंग त्याच्यानंच रुसली."

त्यांनी तारेच्या तुकड्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं क्लचच्या काळ्या तारेला लावलं. टक्! कॉइल शाबूत होती. रंग देताना सोडवलेली काळी तार पुन्हा चेसिसला बोल्टने कसली होती ती नव्या रंगावरच. रंगातून वीज जात नाही, त्यामुळे तिला परतीची वाट उरली नव्हती. आणि त्याच बोल्टवर माझं स्वस्तिक होतं. आम्ही सगळं तपासलं होतं, तेवढी जागा सोडून.

नामदेवभाऊंनी पान्हा खाली ठेवला. "पूजेच्या जागेवर मी हात नाई लावत. मले बायकोपोरं हायेत."

"देवी काय शेंदरात बसून राहिली का गा?" म्हातारे म्हणाले. "तिचेच लेकरं तिकडं वाट पाहून राहिले."

पान्हा मी उचलला. बोल्ट काढला, म्हाताऱ्यांच्या चाकूने शेंदूर आणि रंग खरवडला, लोखंड उघडं केलं आणि तार पुन्हा कसली. बटण दाबताच क्लचने पकडलं. काटा साडेसातवर थांबला, मग हळूहळू उतरू लागला. नामदेवभाऊंनी त्या उघड्या लोखंडाला नमस्कार केला.

म्हाताऱ्यांना आम्ही सोबत घेतलं. "बस चुकली म्हून सकाळपासून शिव्या देऊन राहिलो होतो," ते हसत म्हणाले आणि काटोलच्या स्टँडवर उतरून गर्दीत गेले. घाईत मी नावही विचारलं नाही. एकही कुपी फेकावी लागली नाही.

ते कोण होते यावर मी वाद घालत नाही. स्वतःच्या हाताने काढलेली खूण पुसताना वाटलेली भीती मात्र आठवते, आणि त्यानंतर हलकं झालेलं मनही. माझी पूजाच देवीच्या कामाच्या आड आली होती. ती बाजूला करण्याचं बळ तिनेच दिलं, असं मी मानतो. पुढे दर दसऱ्याला स्वस्तिक मी ट्रकच्या दारावर काढत असे. तो बोल्ट फक्त कोरड्या फडक्याने पुसायचा, आणि पहिला नमस्कार त्याला.