आईने हुंगलेली हॉप्स

तापातून उठले तेव्हा नाकाला कसलाच वास येत नव्हता. पुण्यात बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझं कामच वासाचं. बिअरला कडवटपणा आणि सुगंध येतो तो हॉप्सच्या सुक्या फुलांनी. ती हुंगून कुठली घ्यायची ते मी सांगायचे. आरामासाठी पांढुर्ण्याला घरी आले होते. आईला मात्र मी 'फूड कंपनी' एवढंच सांगितलं होतं. तिचा धाकटा भाऊ दारूनेच गेला होता.

त्यातच साहेबांनी हॉप्सचे तीन नमुने कुरियरने घरी पाठवले. पाचपर्यंत निर्णय हवा होता. नाक गेलंय हे मी नोकरीच्या धास्तीने कळवलं नव्हतं. साडेचारला पाकिटं आईपुढे ठेवली.

"हातावर चोळून हुंग, अन् कसा वास येतो ते सांग."

पहिलं पाकीट कॅस्केड नावाच्या जातीचं. आई तिगावकडच्या संत्र्याच्या बागेत वाढलेली. "संत्र्याचं साल," ती म्हणाली, "पण पिकल्याचं नाही, हिरव्याचं."

दुसरं साझ जातीचं. "हे नरम आहे. वाळल्या गवतावानी, मागून जरासं मिरं."

तिसरंही कॅस्केडच, पण दुसऱ्या व्यापाऱ्याचं, स्वस्तातलं. साहेबांचा कल त्याच्याकडे होता. आईने तोंड फिरवलं. "शी! घामाच्या मोज्यावानी वास येऊन राहिला. जुना माल आहे हा."

मी पाकिटात नाक खुपसलं. काहीच नाही. पण हॉप्स शिळी झाली की अगदी असाच वास येतो, हे मला माहीत होतं.

"कायचं औषध आहे हे?"

"औषध नाही, आई. बिअरमध्ये टाकतात."

तिने उठून हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले.

"किती वर्षं झाले?"

"चार."

"अन् मले आत्ता सांगून राहिली!"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "तिसरा माल नको, शिळा आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

आई माझ्याकडेच बघत होती. आणखी एक खोटं तोंडातून निघेना. "सर, माझं नाक गेलंय. आईने हुंगलंय."

मग, "दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

माल शिळाच निघाला. नोकरी राहिली, वासही हळूहळू परतला. आई मात्र दोन दिवस बोलली नाही. मी निघाले तेव्हा स्टेशनवर आली, गाडी लागल्यावर म्हणाली, "काम सोड म्हणत नाही मी. पण मले पुन्हा हुंगायले लावू नको."