नेनेकाकूंचे पाय

आखातात, नेनेकाकूंच्या रिफातल्या घरी गेलं की काकूंच्या आधी त्यांचे पाय पुढे यायचे. नमस्कार झाल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. इंग्रजी शाळेतली आमची पोरं गुडघ्याला हात लावून पळायची, तर काकू त्यांना कॉलर धरून परत आणायच्या. "गुडघ्याला नमस्कार कोणी शिकवला? पाय खाली असतात. नीट वाका."

तेरा वर्षांची माझी ईशा त्यांच्याकडच्या गणपतीत अशीच काकूंच्या पाया पडायला वाकली, पण नेहमीचा "शहाणी हो" आशीर्वाद काही आला नाही.

"उठू नकोस," काकू म्हणाल्या. "अगं, हिची पाठ उजवीकडून वर का आलीय?"

मी म्हटलं, दप्तर जड असतं.

"दप्तर आत्ता कुठाय? उद्या डॉक्टर. यल्ला, चला."

एक्स-रेत मणक्याला चांगलाच बाक दिसला. वाढत होता, पट्ट्याने थांबण्यातला नव्हता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून सळ्या आणि स्क्रू घालावे लागतील. ईशा खोलीचं दार लावून बसली, "आय ॲम नॉट डुइंग इट."

काकू करंज्यांचा डबा घेऊन आल्या आणि दाराबाहेर फरशीवरच बसल्या. "ईशे, कसली भीती वाटते गं?"

"आय विल बी लाइक अ रोबो," आतून रडका आवाज. "आय वोन्ट बी एबल टू बेंड."

"मग नको वाकूस. तुला नमस्कार माफ."

कमरेत उसण भरलेल्या जावयालाही या बाईने सोडलं नव्हतं. ईशालाही ते ठाऊक होतं. थोड्या वेळाने दार उघडलं, आधी करंजीसाठी हात बाहेर आला.

ऑपरेशननंतर ईशा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला पायाची बोटं हलवायला सांगितली. हलली. काकू भिंतीकडे तोंड करून रडल्या आणि वर मलाच ओरडल्या, "रडतेस काय, चहा घे."

ईशाला वाकायची परवानगी मिळायच्या आतच काका निवृत्त झाले आणि दोघं कायमची चिपळूणला निघाली. आम्ही निरोपाला गेलो. माझ्यापेक्षा उंच झालेली ईशा सवयीने वाकायला गेली.

"खबरदार," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि खुर्चीवरून थेट जेवणाच्या टेबलावर चढल्या.

"अगं, पडशील. विमान चुकेल," काका खालून विनवत होते.

ईशाने ताठ उभं राहून दोन्ही हात पावलांना लावले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला काकूच वाकल्या. एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी माझी लेक म्हणाली, "काकू, बघा. गुडघ्याला नाही, पायालाच."