निळ्या वाटीतली कवळी

एकासाठी घडवलेली कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, यावर तिचा पूर्ण विश्वास होता. पोटच त्यावर चालत होते. दंतवैद्यांकडून ठसे येत, ती त्यांत प्लास्टर ओती, मेणात दात रचून पाही आणि ज्याला कधी पाहिले नाही त्या माणसाचे हसू घडवून पाठवून देई. कार्यशाळेतल्या खिडकीच्या फळीवर साच्यांची रांग होती, सगळी तोंडे उघडी. नव्याने कामाला लागलेल्या मुली त्या फळीकडे पाठ करून बसायला कचरत. तिला गंमत वाटे. "अगं, बोलायला नुसते दात पुरत नाहीत," ती म्हणे, "वारा लागतो आतून."

घरी मात्र तिच्या गळ्यात भलतेच काम पडले होते. हिवाळ्यात सासरे गेले आणि दरवर्षीच्या सहलीची आखणी बिनवारस झाली. नवऱ्याला आगगाडीच्या वेळा पाहिल्या की जांभया येत. नणंदेला सूचना पुष्कळ सुचत, पण फोन करायचा म्हटले की तिचे दूध उतू जायची वेळ होई. राहता राहिली ही.

सासरे हयातभर बसचालक. सुट्टीत स्टिअरिंगला शिवायचे नाही असा त्यांचा पण होता. म्हणून तळ्याकाठच्या गावापर्यंत आगगाडी. तिथून भाड्याची गाडी, ती मुलाने चालवायची आणि ह्यांनी शेजारी बसून प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबायचा. मग डोंगरावरचा मुक्काम, तिथून समुद्राकडे उतरायचे, गाडी तिथल्या स्टेशनावर सोडायची आणि पुन्हा आगगाडीने घर. पॅसेजमधल्या स्टुलावर बसून ते एकेका मुक्कामाला फोन लावत. नंबर भिंतीवरच पेन्सिलीने खरडलेले. आवाज असा, की समोरच्याला खोली नाही म्हणायचा धीर होत नसे. त्या आवाजात एक शीळ होती. वरची कवळी सुनेच्याच हातची. पुढच्या दोन दातांत केसभर फट राहून गेली होती, आणि 'स' आला की त्यातून वारा सुटे.

"बाबा, द्या इकडे, बुजवून देते," ती म्हणायची.

"राहू दे, दातवाल्या बाई. हॉर्न फुकटात मिळालाय."

शेवटी रुग्णालयाने ती कवळी कागदी पाकिटात घालून घरी पाठवली होती. म्हणजे गेले तेव्हा ती त्यांच्या तोंडात नव्हती. तेव्हापासून न्हाणीघराच्या फळीवर पांढऱ्या वाटीत सासूबाईंची कवळी आणि निळ्या वाटीत सासऱ्यांची, अशा दोघी शेजारी शेजारी असत. निळ्या वाटीतले पाणी सासूबाई रोज बदलत.

यंदा सासूबाईंना न्यायचे नाही, असे नवऱ्याने ठरवले. ठरवले तेही त्यांच्या देखत, त्या कपड्यांच्या घड्या घालत असताना.

"आईचे गुडघे बघतेस ना? डोंगरावरच्या पायऱ्या कोण चढवणार तिला? शेजारच्या मावशी आहेत की लक्ष ठेवायला."

"आईला काय, घरीच बरं वाटतं," नणंद फोनवरून म्हणाली. "आणि हल्ली बोलतेय कुठे ती."

सासूबाईंनी उशीच्या अभ्र्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. सून गप्प राहिली. ते गप्प राहणे पुढे कित्येक दिवस तिला घासात खडा यावा तसे लागत राहिले. एक 'नाही' म्हटले असते तर काय बिघडले असते? आता मात्र म्हातारीने मागे राहायचे की जायचे, हे तिच्या एका फोनाफोनीवर येऊन ठेपले होते.

पहिला फोन तिने तळ्याकाठी लावला. मालक ओळखीचाच होता.

"तुमचं ठेवलंय की सांगून. तळमजल्याची खोली, आजींना जिने नकोत म्हणून."

"कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? तुमचे सासरे. गेल्या आठवड्यात फोन होता ना त्यांचा."

तिने आभार मानून रिसीव्हर ठेवला. मालक विसरभोळा आहे, गेल्या वर्षीचे या वर्षात घालतोय, असा खुलासा तिने स्वतःशी केला. खुलासा चांगला होता. पण गेल्या वर्षी ते वरच्या मजल्यावर राहिले होते.

गाडी भाड्याने देणाऱ्या ऑफिसातली मुलगी नवीच होती. तिला गेल्या वर्षीचे काही आठवण्याचा प्रश्न नव्हता. "उंच दाराची गाडी ना? आजोबांनी बजावलंय," ती हसत म्हणाली. "पुढची सीट मागे सरकवून ठेवा म्हणाले, ब्रेक दाबायला पाय लांब करावा लागतो. मजेशीर आहेत हं. आणि बोलताना ती शीळ."

डोंगरावरच्या मुक्कामी पायऱ्यांसाठी खुर्ची आणि ती उचलायला दोन माणसे ठरलेली होती. सासऱ्यांनी मोबदल्यात घासाघीससुद्धा केली होती म्हणे.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळे क्रमाने सांगितले. तो पेपरमागून म्हणाला, "कोणीतरी टिंगल करतंय."

"तुझ्या बाबांची शीळ काढून? कोण?"

"तूच शोध. तुला दातांतलं कळतं."

"आई तर नसतील?"

"आई?" त्याने पेपर खाली घेतला. "आईने जन्मात कधी नंबर फिरवलाय? फोन वाजला तर पदराने धरून बाबांकडे द्यायची. काहीतरीच तुझं."

ते खरेच होते. तिने न्हाणीघरात जाऊन निळी वाटी उचलली. कवळी पाण्यात होती, पाणी ताजे होते. यातून काहीच सिद्ध होत नव्हते. फक्त टाळूच्या बाजूने बोट फिरवताना तिला जाणवले, की कवळी पाण्याहून किंचित उबदार आहे. बोटाचीच ऊब असेल, असे म्हणून तिने वाटी जागेवर ठेवली आणि बोट पुसले. मग परत एकदा पुसले.

दोनच दिवसांनी कार्यशाळेतली भट्टी बिघडली आणि ती भर दुपारी घरी आली. दाराला किल्ली लावता लावता तिचा हात थांबला. आतून सासऱ्यांचा आवाज येत होता.

"स्टेशनावर सामान उचलायला माणूस असेल ना? असेल तर बरं. नसेल तर सरळ सांगा."

एकूण एक 'स' शिटी मारत होता. किल्ली फिरवायला तिला बराच वेळ लागला.

पॅसेजमध्ये स्टुलावर पाठमोऱ्या सासूबाई बसल्या होत्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला, मान सासऱ्यांसारखी एका बाजूला कललेली. संभाषण संपवून त्या वळल्या तेव्हा त्यांचा वरचा ओठ पुढे आला होता आणि चेहरा अर्धा त्यांचा होता, अर्धा नव्हता. त्यांनी शांतपणे तोंडातून कवळी काढली, न्हाणीघरात जाऊन धुतली, निळ्या वाटीत सोडली आणि पांढऱ्या वाटीतली आपली बसवून बाहेर आल्या.

"लवकर आलीस," त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या.

"आई, ती तुम्हाला बसते कशी?"

"पहिल्यांदा नाही बसली. हिरडी सोलली. मग बसली."

"पण असं का?"

"मग कसं करू? माझं या घरात ऐकतं कोण? ते बोलले की सगळे हो म्हणतात. गाडीवाली म्हणाली, तळ्यावाला म्हणाला." त्यांनी सुनेकडे पाहिले. "तूसुद्धा हो म्हणाली असतीस. त्या दिवशी गप्प बसलीस, ते त्यांच्यासमोर बसली नसतीस."

सुनेने स्टुलाजवळ खालीच बैठक मारली. भीती ओसरून तिच्या जागी लाज आली होती, आणि लाज तिला पुष्कळ सोयीची वाटली. "तुम्ही येताय," ती म्हणाली. "त्याला मी सांगते. पुन्हा ती कवळी घालू नका, जखम चिघळेल."

"नाही घालत. भिंतीवरचे नंबर संपलेच आता. समुद्राचा तेवढा लागत नाही, नुसतं खरखरतं."

सुनेने काही सांगितले नाही. समुद्राकाठचा जुना मुक्काम या हिवाळ्यातच बंद पडला होता. यंदा तिने दीपगृहाखालचे एक नवे घर मनाशी निवडले होते. नवरा आणि नणंद फाटे फोडतील म्हणून त्याचे नाव घरात कोणापाशी काढले नव्हते. फोनही अजून केला नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी तिने कार्यशाळेतून केला. फोन उचलणाऱ्या बाईंनी घराचे आडनाव ऐकले आणि म्हणाल्या, "अहो, आजोबांशी बोलणं झालं की आमचं सकाळीच. समुद्राकडची खोली, दोघांना."

"दोघांना?"

"आजी आणि ते स्वतः. तुमच्या खोल्या वेगळ्या."

तिने फळीवरच्या साच्यांकडे पाहिले आणि जपून विचारले, "बोलताना शीळ वाजत होती का त्यांची?"

"शीळ? नाही बाई. उलट काही समजेचना आधी. दात नसलेली माणसं बोलतात ना, तसं. मीच दोनदा विचारलं, तर म्हणाले, माफ करा, आमचे दात घरी राहिलेत."

सकाळपासून सासूबाई शेजारच्या मावशींबरोबर गुडघे दाखवायला गेल्या होत्या. दवाखान्यात सोडले होते ते हिनेच. तिने त्या बाईंना खोली तशीच ठेवायला सांगितले.

रात्रीच्या जेवणाआधी तिने नवऱ्याला सांगितले, की आई येणार आहेत, आगगाडीचे तिकीट काढले आहे, पायऱ्यांसाठी खुर्ची ठरली आहे आणि यावर चर्चा नाही.

"बरं," तो चक्रावून म्हणाला. "मग गाडीत माझ्याशेजारी आई बसेल?"

"आई मागे, माझ्याजवळ. पुढे कोणी बसायचं नाही. सीट मागे सरकवलेली आहे, तशीच राहू दे."

निघायच्या सकाळी तिने सासूबाईंची पेटी भरली. गुडघ्यांचे मलम, शाल, पांढरी वाटी. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"त्यांचं घेतलंस?"

पेटीच्या कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी होती. आदल्या दिवशी तिने निळ्या वाटीतली कवळी कार्यशाळेत नेऊन दातांतली फट बुजवायला घेतली होती. मेण तापवले होते, हत्यारही उचलले होते. मग तिने फट होती तशीच ठेवली.

"घेतलं," ती म्हणाली, आणि पेटीचे झाकण लावले.