पाटावर राहिलेल्या पट्ट्या

दसऱ्याच्या सुमारास गॅरेजांच्या दारात झेंडूच्या माळा चढू लागल्या, की ती घटना अजूनही माझ्यासमोर येऊन उभी राहते. पेपरात तिची बातमी चार ओळींची आली होती. पण त्या तपासात एका माणसाने न केलेला गुन्हा माझ्या टेबलापुढे येऊन कबूल केला, आणि ती कबुली स्वीकारली असती तर तो नक्की तुरुंगात गेला असता.

मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. दसऱ्याचा दिवस. बंदोबस्ताची माणसे वाटून देऊन जरा टेकतो न टेकतो, तोच घाटातल्या टपरीवाल्याचा फोन आला. "साहेब, बिगीनं या. मिलिटरी गाडी मधनंच मोडून पडलीया. माणूस अडकलाय."

लष्कराने वापरून लिलावात काढलेला तो ट्रक होता. जुना, पण दणकट. लांब ओंडके त्यात मावत नाहीत म्हणून मालकाने बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका मिस्त्रीकडून त्याची चासी वाढवून घेतली होती. चासी म्हणजे ज्या लोखंडी चौकटीवर सगळी गाडी उभी असते ती. मिस्त्रीने ती मधोमध कापून नवा तुकडा जोडला होता. उतारावर ब्रेक लागताच गाडी त्याच जोडावर मोडली आणि ओंडके केबिनवर आले. ड्रायव्हर वाचला. शेजारी बसलेला हमाल जागीच गेला. गुंजी गावचा माणूस, बायकापोरांचा धनी. पंचनाम्यात त्याच्या शर्टाच्या खिशात आपट्याची पाने मिळाली. सोनं म्हणून घरी द्यायला ठेवली असणार.

पंचनामा चालू असतानाच ठाण्यात एक निनावी फोन आला. ड्रायव्हर पिऊन गाडी चालवत होता, एवढे सांगून ठेवून दिलेला. न मागता आलेली खबर मी नेहमीच उलटी धरून बघत असे. वैद्यकीय तपासणीत ड्रायव्हर शुद्धीत असल्याचे निघाले, आणि तो फोन निघाला ट्रकमालकाच्या मुनीमाचा.

मालकाची बेळगावात लाकडाची वखार. बोलणे गोड, कपडे इस्त्रीचे. तो म्हणाला, "मिस्त्रीनं गाडी तयार हाय म्हणून दिली, मी नेली. मला त्यातलं काय कळतंय, साहेब?"

मिस्त्रीला बोलावले. पन्नाशीचा माणूस. बस म्हटले तरी बसला नाही.

"व्हय साहेब. जोडाच्या आतनं पोलादी पट्ट्या बसवायच्या हुत्या. इसरलो. गाडी तयार म्हणून मीच दिली. मला आत टाका."

इतकी सरळ कबुली माझ्या नोकरीत क्वचितच मिळाली असेल. आरोपी आधी दुसरा काय बोलला ते विचारतो, मग जामिनाचे विचारतो. या गृहस्थाने काहीच विचारले नाही. मी जबाब वाचून दाखवला, त्याने सही केली आणि दारापर्यंत जाऊन तो मागे वळला. "साहेब, घराकडं चौकशीला कोण जाणार न्हाय न्हवं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता, कबुली आहे तर कागद पुढे पाठवा म्हणून. मी हो म्हटले आणि मोटार वाहन निरीक्षकांना घेऊन ठाण्यामागच्या आवारात गेलो. मोडलेला ट्रक तिथे ताडपत्रीखाली होता. त्यांनी मला जोड दाखवला. वेल्डिंग चांगले होते, पण नुसत्या वेल्डिंगवर भरलेली गाडी जात नाही. आतून पट्ट्या लावून बोल्ट आवळावे लागतात. बोल्टसाठी भोके पाडून ठेवलेली होती, पण सगळी रिकामी. मी बॅटरी घेऊन वाकलो. प्रत्येक भोकाशेजारी हळदीचे एक बोट आणि कुंकवाचे एक बोट उमटलेले होते.

खंडेनवमीची पूजा. आम्हीही ठाण्यात त्या दिवशी रायफली पुसून मांडतो, बेड्यांनासुद्धा कुंकू लावतो. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. ज्या माणसाने एकेका भोकाला हात लावून कुंकू वाहिले, तो दुसऱ्या दिवशी ती भोके विसरला? मला ते काही केल्या पटेना.

मच्छेला गेलो. गॅरेजला लागूनच घर. मिस्त्रीची थोरली बहीण तिथे होती; सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. तिने दार उघडले. माझ्या हवालदाराने उंबऱ्याबाहेर बूट काढले, कारण आत पूजा अजून तशीच होती. पाटावर नट आवळायचे पाने, हातोडे, सुकलेला झेंडू, आणि त्यांच्यामध्ये दोन पोलादी पट्ट्या. भोके पाडलेल्या, कुंकू लावलेल्या. बाजूला बोल्टांचा ढीग.

"आक्का, या पट्ट्या कधी बसवायच्या होत्या?"

"एकादशीला. नवमीला पुजलेलं हत्यार त्यो एकादशीबिगर उचलत न्हाय."

"मग गाडी दसऱ्याला बाहेर कशी गेली?"

तिने पदर तोंडाला लावला.

"किल्ली मी दिली, साहेब. त्यो सीमोल्लंघनाला गावाकडं गेलता. मालक सकाळी सोनं घिऊन आलते. माझ्या हातावर सोनं ठेवलं, पाया पडले. म्हणाले, आक्का, गाडी देवळाला एक फेरी मारून आणतो, मुहूर्त हाय. सणाच्या दिशी सोनं देणाऱ्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं? देवळापातूर जाऊन यील असं वाटलं. पाटावरची किल्ली उचलून दिली."

मी तिला घेऊन ठाण्यात आलो. तिला पाहताच ठाण्यात बसवून ठेवलेला मिस्त्री ताडकन उठला. "आक्का, तू कशाला आलीस गं! साहेब, तिला काय ठावं न्हाय. आईच्या माघारी तिनं वाढवलंय मला. तिला कोर्टाची पायरी दाखवू नका." आतापर्यंत दगडासारखा राहिलेला तो माणूस बोलता बोलता रडू लागला, आणि मलाही क्षणभर खिडकीबाहेर बघावे लागले.

ड्रायव्हर त्याच वेळी पुढच्या जबाबासाठी बाकावर बसला होता, डोक्याला पट्टी. त्याने सगळे ऐकले होते.

"गाडी देवळाकडं गेलीच न्हाय, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "सरळ वखारीत नेली. ओंडके चढिवताना मालक मला म्हणाले, जोडाचं काम जरा राहिलंय, उतारावर जपून जा. दसऱ्याची पयली फेरी चुकाय नको."

"आणि तू नेलीस?"

"नेली, साहेब."

मालकाला पुन्हा बोलावले. पट्ट्या टेबलावर ठेवल्या, ड्रायव्हरला समोर उभे केले. मघाचे गोड बोलणे फार वेळ टिकले नाही. निकाल लागायला काही वर्षे गेली, पण शिक्षा झाली. ड्रायव्हरही सुटला नाही. परवानगी न घेता चासी वाढवली म्हणून मिस्त्रीला दंड झाला, तो त्याने मुकाट्याने भरला. आक्काची साक्ष झाली, तिच्यावर कसलाही आरोप नव्हता.

कबुली मिळाली की फाईल बांधणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले, आणि त्या दिवशी मलाही ते सोपे होते. गुन्हेगार अंग झटकतो, हे शिकायला पोलीस खात्यात यावे लागत नाही. भला माणूस मात्र आपल्या माणसासाठी नसलेला गुन्हा अंगावर घेतो, आणि त्याचे खोटे पकडणे चोराचे खोटे पकडण्यापेक्षा अवघड असते. ती कबुलीसुद्धा तितक्याच कठोरपणे तपासावी लागते.

निकालानंतरच्या दसऱ्याला मी बेळगावात होतो. सोनं घेऊन मच्छेला गेलो. मिस्त्रीने घेतले, गळ्यात पडला. आक्काने दुरूनच हात जोडले.

"उंबऱ्यावर ठेवा, साहेब. हातात नको. तवापास्नं मी कुणाचंबी घेत न्हाय."

मी वाकलो, तेवढ्यात ती म्हणाली, "कोर्टात वाचताना ऐकलं. त्या हमालाच्या खिशात सोनं हुतं म्हणं. ते त्याच्या घरी पोचलं काय?"

"नाही, आक्का. मुद्देमालात राहिलं. वाळून गेलं असेल."

ती माझ्या हातातल्या पानांकडे बघत राहिली. मग पुढे आली आणि तिने ओंजळ धरली.

"द्या मग हिकडं."

पदराच्या टोकाला पाने ठेवून तिने घट्ट गाठ मारली.

"गुंजीला रेल्वे थांबती न्हवं, साहेब?"

"थांबते," मी म्हणालो, आणि हमालाच्या घराची वाट तिला सांगितली.