आमच्या चुलीमागची स्तूपाची वीट

आमच्या पणजोबांनी स्तूपाची वीट उचलून आणली होती.

हे मी नाही, बाबा सांगायचे. येईल त्या पाहुण्याला.

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर हौसेनं लोकांना आमचं पवनी गाव दाखवायचे. किल्ल्याचा दरवाजा, वैनगंगेचा घाट, स्तूपाची टेकडी.

आणि लास्ट स्टॉप आमचं स्वयंपाकघर.

चुलीमागच्या मातीच्या भिंतीत खाली एक हातभर लांब, काजळी धरलेली वीट होती. पाहुणे वाकून फोटो काढायचे, आई कपाळाला हात लावायची.

"लोकं राजवाडे दाखवते, तुमी चूल दाखवता!"

बाबा हसायचे नाहीत. "माह्या आज्यानं टेकडीवरून आणली. तवा आमाले बुद्ध माहीत नोता. माहीत झाला तवा भिंत उभी झाली होती."

दर बुद्धपौर्णिमेला त्या विटेपुढे मेणबत्ती. मग खीर. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं करतात.

दवाखान्यात शेवटी शेवटी मला म्हणाले, "भिंत पाडसान तवा वीट टेकडीवर नेऊन ठेवजो."

मी म्हटलं, "हो बाबा. आधी ज्यूस घ्या."

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

वर्षभरात मला रडू आलेलं नाही. ऑफिसला जाते, डबा खाते, लोक विचारतात तेव्हा "ठीक आहे" म्हणते. खरंच ठीक असते. काहीच वाटत नाही.

नवीन घरासाठी जुनं पाडायला घेतलंय. सकाळी मिस्त्रीनं वीट काढून हातात दिली.

माझा भाऊ सुमेध म्हणाला, "ताई, राहू दे ना. शोकेसमधी ठेवू. बाबाची आठवण."

मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू? ह्या घरातलं बाबांचं तेवढंच उरलं होतं.

आई म्हणाली, "त्यायची नाही थे. त्यायले वापस करायची होती."

मग सुमेधनं गाडी काढली. मी मागे, मांडीवर वीट, बाबांच्या खाकी शर्टात गुंडाळलेली.

टेकडीवर चौकीदारानं हटकलं. "ओ ताई, इथची वीट नेता येत नाही."

"नेऊन नाही राहिली दादा. ठेवाले आली."

त्याला कळेना. सुमेधनं सगळं सांगितलं. तो विटेकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तुमी कंडक्टर काकाचे पोरं काय? काका नाही दिसले लय दिवस."

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी सांगायला तोंड उघडलं. वर्षभर सगळ्यांना सांगितलं होतं, फोनवर, ऑफिसात, बँकेत. तिथे नाही जमलं. सुमेधनं सांगितलं.

चौकीदारानं पडलेल्या विटांच्या बाजूला पालापाचोळा सारून जागा करून दिली. मी वीट ठेवली. काळी होती म्हणून तेवढी ओळखू येत होती.

घरी आले. हाताला अजून काजळी आहे. धुतलेली नाही.

बाबा, वीट ठेवली.

जय भीम.